यवतेश्वर, पसरणी चढायची असेल तर सायकलचे दाते आधी मोजा

साताऱ्यात सायकल घ्यायला आलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो "किती गिअरची?" हाच. एकवीस की चोवीस, यावर भाव ठरतो, घासाघीस होते. घाटात मात्र कामाला येतो तो एकच गिअर, सगळ्यात हलका. पुढचं सगळ्यात लहान चेनव्हील आणि मागची सगळ्यात मोठी चकती, या दोघांवर किती दाते आहेत एवढं कळलं की ती सायकल समर्थ मंदिरापासून यवतेश्वरपर्यंत बसून नेता येईल की मध्येच उतरून ढकलावी लागेल, हे दुकानात उभ्या उभ्या सांगता येतं.

सातारा, वाई, मेढा, पाटण या भागात राहणाऱ्याच्या वाट्याला सपाट रस्ता येतोच किती? कास, सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी, पाचगणी, महाबळेश्वर, कुठेही जायचं म्हटलं की घाट आलाच. म्हणून इथे गिअरचा हिशेब चढापासून सुरू करावा. चढ किती, त्यावर आपल्या वजनाला आणि दमाला किती वेग झेपेल, आणि त्या वेगाला किती दाते लागतील, या क्रमाने.

एका फेरीत किती मीटर

चेनव्हीलवर आणि मागच्या मोठ्या चकतीवर दात्यांचा आकडा बहुतेक वेळा ठोकलेला असतो. काळ्या ग्रीसखाली दडलेला असतो, चिंधीवर थोडं डिझेल घेऊन पुसलं की वर येतो. नाहीच सापडला तर एका दात्यावर खडूची खूण करून मोजा.

पुढचे दाते भागिले मागचे दाते, हे झालं गुणोत्तर. पुढे ३४ आणि मागे ३२ असतील तर १.०६. पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक एक फेरी आणि वर किंचित फिरतं. या गुणोत्तराला चाकाच्या घेराने गुणलं की एका फेरीत सायकल किती मीटर पुढे सरकते ते मिळतं. टायरच्या कडेवर त्याचं माप लिहिलेलं असतं: ७०० बाय २८ टायरचा घेर २.१३६ मीटर, ७०० बाय ३५ चा २.१६८, २६ इंची बाय १.९५ चा २.०५ आणि २९ बाय २.१ चा २.२८८ मीटर धरतात. आपलाच मोजायचा असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खूण करा, सायकलवर बसा, कुणालातरी धरायला सांगून चाक एक पूर्ण फेरी पुढे न्या, पुन्हा खूण करा आणि टेपने अंतर घ्या. बसूनच मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर थोडा कमी भरतो.

३४ बाय ३२ आणि ७०० बाय २८ टायर, म्हणजे एका फेरीत २.२७ मीटर. ३४ बाय २८ असेल तर २.५९ मीटर. दिसायला फरक वीत-दीड वीतभर. पण किलोमीटरभर चढात पहिल्याला ४४० फेऱ्या माराव्या लागतात, दुसऱ्याला ३८६, आणि चढणारं वजन दोघांचं सारखंच. ज्याच्या फेऱ्या कमी त्याच्या प्रत्येक फेरीवर भार जास्त, तो मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो.

चढ किती आहे

चढाचे टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर किती मीटर वर. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आणि पाचगणी साधारण १,२९० मीटरवर. मधला रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. ५७० मीटर उंची साडेबारा किलोमीटरला वाटली की पसरणीच्या घाटाची सरासरी निघते साडेचार टक्के. इंग्रजांच्या काळात गाड्या चढाव्यात म्हणून आखलेल्या वाटांचा चढ असाच लांबवलेला, एकसारखा असतो. डोंगराला आडवा वळसा घालत जाणारा रस्ता सायकलला त्यामुळे मानवतो.

सरासरीवर मात्र भरवसा ठेवू नका. पाच टक्के सरासरीच्या घाटात नऊ-दहा टक्क्यांचे तुकडे असतात, आणि गिअर निवडायचा तो त्या तुकड्यांसाठी. वळणावर आतल्या कडेने गेलात तर तीच उंची कमी अंतरात चढावी लागते, म्हणून आतली कडा नेहमी जास्त खडी. तुकडा मोजायला गवंड्याकडची एक मीटरची स्पिरिट लेव्हल पुरते. एक टोक रस्त्यावर टेकवा, दुसरं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि उचललेल्या टोकाखाली पट्टी धरा. जितके सेंटिमीटर, तितके टक्के. लेव्हल अर्धा मीटरची असेल तर आलेला आकडा दुप्पट करा. मोबाइलमधली लेव्हल अंशांत सांगते. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के धरा.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही, ती म्हणजे वारा. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा पठारावर तोंडावर येतो तेव्हा सपाट रस्तासुद्धा चढासारखा लागतो. कासकडे जाताना यवतेश्वर संपला की सुटलो असं समजणाऱ्याला हा वारा पुन्हा हलक्या गिअरवर आणतो.

आपल्याला किती हलका गिअर लागतो

७० किलोचा माणूस, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १५ किलो. एकूण ८५. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा सायकल चालवणारा माणूस तासभर सलग साधारण १४० वॅट ताकद लावू शकतो, म्हणजे किलोमागे दोन वॅट. एवढ्या ताकदीत त्याचा वेग असा पडतो:

५ टक्के चढावर ताशी सुमारे ९.७ किलोमीटर
८ टक्क्यांवर ६.६ किलोमीटर
१० टक्क्यांवर ५.४ किलोमीटर

आता पाय मिनिटाला किती फेरे मारणार? लांब चढावर ६० ते ७५ फेऱ्या बहुतेकांना सोसतात. ६५ धरल्या तर पाच टक्क्यांना एका फेरीत २.५ मीटरचा गिअर हवा, आठ टक्क्यांना १.७ चा, दहा टक्क्यांना १.४ चा. रोड बाइकवर नेहमी दिसणाऱ्या ३४ बाय २८ ने आठ टक्के चढायचे झाले तर ६.६ च्या वेगाला फेऱ्या पडतात मिनिटाला बेचाळीस. हा माणूस दमलेला नसतो, त्याच्या सायकलला गिअर नसतो.

हे पायांवर किती येतं तेही बघा. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, १४० वॅट ६५ फेऱ्यांनी लावले तर पायडलवर सरासरी सव्वाबारा किलोचा दाब पडतो, ४२ फेऱ्यांनी लावले तर एकोणीस किलोचा. पाय आडवा असताना, म्हणजे जोर लागतो त्या क्षणी, जवळजवळ याच्या दुप्पट. तासाभरात अडीच हजार वेळा प्रत्येक गुडघा हे सोसतो.

किलोमागे तीन वॅट काढणारा, कसून सराव केलेला गडी आठ टक्क्यांवरही ९.७ च्या वेगाने जातो, आणि त्याला ३४ बाय २८ जवळपास पुरतो. त्याचा सल्ला त्याच्यापुरता बरोबर असतो. नव्या माणसाने तो ऐकून गिअर घेतला की फसगत होते.

आपण कुठे बसतो हे कळायला वाई ते पाचगणी न थांबता किती वेळ लागतो ते बघा. सव्वा तासाच्या आसपास लागत असेल तर वरचा १४० वॅटचा हिशेब तुमचाच. पन्नास मिनिटांत पोचत असाल तर तुम्ही तीन वॅटवाल्यांत. दीड तास किंवा जास्त लागत असेल तर आणखी एक पायरी हलका गिअर घ्या आणि त्यात संकोच करू नका. वजन ७० ऐवजी ८० असेल, किंवा कॅरिअरवर दहा किलो सामान असेल, तर त्याच ताकदीत वेग साधारण दहा टक्क्यांनी उतरतो, गिअरही तेवढाच उतरवावा.

आमचं मत स्पष्ट आहे: साताऱ्याच्या घाटांसाठी सगळ्यात हलका गिअर एका फेरीत १.६ ते १.८ मीटरचा असावा. १.३ च्या खाली जाण्यात फायदा नाही. मिनिटाला साठ फेऱ्या मारूनही वेग पाचाच्या आत राहतो, तोल सांभाळताना सायकल डुलते आणि चालत जाणारा बरोबरीने येतो.

कोणत्या सायकलवर काय असतं

२६ इंची, एकवीस गिअरची साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक: पुढे ४२/३४/२४ आणि मागे १४ ते २८ अशी जोडी बऱ्याच सायकलींवर असते. २४ बाय २८ म्हणजे १.७६ मीटर. गिअर अगदी योग्य! ही सायकल घाटात रडते ती सोळा-सतरा किलो वजनाने, जाड नक्षीच्या टायरने आणि अर्ध्या हवेने. आधी गुळगुळीत टायर घाला, हवा नीट भरा. स्वस्तातलं पुढचं सस्पेंशन चढावर उभं राहून मारलं की प्रत्येक फेरीला दबतं आणि ताकद खातं. बसून, हलक्या गिअरमध्ये चढलात तर हा तोटा जवळपास नाहीसा होतो.

७०० ची हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि एमटीबीच्या मधली: पुढे ४८/३८/२८ असलं तर मागे काय आहे यावर सगळं अवलंबून. मागे २८ असेल तर २.१७ मीटर, कमी पडेल. ३२ असेल तर १.९०, चालून जाईल. ३४ असेल तर १.७९, घ्या.

रोड बाइक: पुढे ५०/३४, मागे २५, २८, ३० किंवा ३२. यातली ३२ वालीच इथे कशीबशी जमते, आणि तिलाही कधी ना कधी मागे ३४ ची चकती लावावीच लागते. जुनी रेसिंग सायकल, पुढे ५३/३९ आणि मागे २५, म्हणजे ३.२८ मीटर, आठ टक्क्यांवर मिनिटाला तेहेतीस-चौतीस फेऱ्या. स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नका. तिच्या क्रँकला बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३० मिलिमीटर असतो आणि त्यावर ३८ पेक्षा लहान चेनव्हील बसतच नाही. ५०/३४ च्या, म्हणजे कॉम्पॅक्ट, क्रँकचं हे वर्तुळ ११० चं, त्यावर ३४ बसतं.

पुढे एकच चेनव्हील असलेल्या सायकली: मागची चकती ताटाएवढी दिसते, त्यामुळे फसायला होतं. ग्रॅव्हल बाइकवर, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या रोड बाइकवर, पुढे ४० आणि मागे ४२ असेल तर ३८ च्या टायरवर २.०८ मीटर येतात, साध्या एमटीबीपेक्षा बरेच जड. २९ इंची एमटीबीवर पुढे ३२, मागे ४६ असेल तर १.५९, ती आरामात जाते. मोजल्याशिवाय बोलू नये ते यासाठी.

बिनगिअरची काळी सायकल: पुढे ४४, मागे १८ असेल तर एका फेरीत सुमारे ५.४ मीटर. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील घातलं तर ४.४. गावातल्या चढांना हा बदल चांगला जाणवतो. घाटात मात्र ती ढकलायचीच.

काय बदलायचं

पहिला हात मागच्या चकत्यांना घाला. खर्च कमी, काम सोपं, परिणाम लगेच.

मागे फ्रीव्हील (चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, आट्यांनी आवळलेला चकत्यांचा गड्डा) आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला गड्डा) ते आधी ओळखा. चाक काढा, धुरीभोवती हत्यार बसायच्या खाचा दिसतील. चकत्या उलट्या फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. दोन्हींचे सुटे भाग आणि हत्यारं वेगळी, त्यामुळे दुकानात जाण्याआधी हे ठाऊक हवं.

सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीचं १४ ते ३४ मिळतं, मेगारेंज नावाचं. त्यात चकत्या १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४. शेवटच्या उडीत पाय अचानक मोकळे पडतात. मिनिटाला पन्नास फेऱ्या चालल्या असतील तर सत्तर होतात. पहिल्यांदा चेन तुटली की काय असं वाटतं. तरी शेवटचा आधार म्हणून हा गिअर उत्तम. आठ गिअरच्या कॅसेटमध्येही अशीच निवड आहे. ११ ते ३२ मध्ये वरच्या चकत्या २१, २४, २८, ३२ अशा बेताच्या पायऱ्यांनी चढतात. ११ ते ३४ च्या एका प्रकारात २३, २६ आणि मग ३४. पुढे ३० किंवा त्याहून लहान चेनव्हील असेल तर ११ ते ३२ घ्या, चढ दर वळणाला बदलतो तिथे बेताच्या पायऱ्या फार सुखाच्या. पुढे ३४ असेल तर मागेही ३४ च घ्या, उडी सोसा.

इथे अडतं ते मागच्या डिरेलरशी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाशी. त्याच्या दोन मर्यादा असतात. एक, सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची चालेल. दोन, एकूण क्षमता, म्हणजे तो किती सैल चेन ओढून धरू शकतो. पुढच्या मोठ्या आणि लहान चेनव्हीलमधला फरक अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक, ही बेरीज क्षमतेच्या आत हवी. ५०/३४ आणि ११ ते २८ ला १६ अधिक १७, तेहेतीस. मागे ११ ते ३४ घातलं की १६ अधिक २३, एकोणचाळीस. छोट्या केजचा, म्हणजे पुल्या धरणाऱ्या आखूड सांगाड्याचा, डिरेलर इथे हात टेकतो. शिमानोच्या टूर्नी या स्वस्त मालिकेतल्या काही डिरेलरची मर्यादा २८ दात्यांची असते, काहींची ३४. आतल्या बाजूला कोरलेला मॉडेल क्रमांक वाचून खात्री करा. दुकानदार "बसतंय की" म्हणाला तर ते स्टँडवर बसतं. चढावर, पूर्ण ताणात बसतं का, तो प्रश्न वेगळा.

शिमानोच्या आठ आणि नऊ गिअरच्या रोड बाइकवाल्यांना, म्हणजे क्लॅरिस आणि सोरा या मालिकावाल्यांना, एक चांगली सोय आहे. आठ-नऊ गिअरच्या काळातले शिमानोचे रोड आणि एमटीबी मागचे डिरेलर केबल सारख्याच प्रमाणात ओढतात. त्यामुळे सोराचे लिव्हर तसेच ठेवून मागे नऊ गिअरचा अल्टस, अ‍ॅसेरा किंवा अलिव्हिओ डिरेलर लावता येतो आणि ३६ दात्यांची कॅसेट घालता येते. ३४ बाय ३६ म्हणजे २.०२ मीटर. दहा गिअरच्या टिॲग्रा ४७०० ला हे लागू नाही, तिचं केबल ओढण्याचं प्रमाण निराळं.

मागे भागलं नाही तर पुढे हात घाला. २१ गिअरच्या स्वस्त सायकलींची चेनव्हीलं रिव्हेटने ठोकलेली असतात, एकेक बदलता येत नाहीत, अख्खा क्रँक बदलावा लागतो. ४८/३८/२८ काढून ४२/३४/२४ चा क्रँक घालणं हा हायब्रिडसाठी फार चांगला बदल. २४ बाय ३२ ने १.६३ मीटर येतात. नवीन क्रँकला बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो त्या फ्रेममधल्या बेअरिंगची, धुरी किती लांबीची लागते ते आधी बघा, नाहीतर चेन तिरकी चालते. पुढचा डिरेलर खाली सरकवावा लागतो; त्याच्या बाहेरच्या पट्टीत आणि मोठ्या चेनव्हीलच्या दात्यांत एक ते तीन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. रोड बाइकला ४६/३० चा क्रँक हा पर्याय आहे. ३० बाय ३४ ने १.८८ मीटर. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत हा मिळतो, पण त्याची चेनव्हीलं अडीच मिलिमीटर बाहेर बसतात, म्हणून पुढचा डिरेलरही त्याच मालिकेतला घ्यावा लागतो.

वरचा वेग जाईल ही भीती कुणी घालू नये. ४६ बाय ११ ने मिनिटाला नव्वद फेऱ्यांत ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर जातात. पसरणीच्या उतारावर त्या वेगाला पायडल मारणारा विरळा, सगळे ब्रेकवर असतात.

बसवताना

फ्रीव्हील काढणं हे सगळ्यात हट्टी काम, कारण प्रत्येक चढाला पायडल मारून तुम्हीच ते आणखी आवळलेलं असतं. खाचांत हत्यार बसवा आणि धुरीच्या नटने हलकं दाबून ठेवा म्हणजे निसटून खाचा मोडणार नाहीत. हत्यार वाइसमध्ये धरा, चाक दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं पकडा आणि वरून पाहताना डावीकडे फिरवा. कडक आवाज करून सुटलं की थांबा, नट सैल करा, मग पुढे फिरवा. नट सैल करायला विसरलात तर धुरी ताणली जाते. नवीन फ्रीव्हील घालताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले आटे हाताने, पान्याशिवाय घाला. तिरके गेले तर हबचे आटे गेले.

कॅसेट काढताना चेन लावलेला पाना चकत्यांना धरून ठेवतो आणि चकत्या आवळून धरणारं बाहेरचं कडं, म्हणजे लॉकरिंग, डावीकडे फिरवून सुटतं. बसवताना एक खाच इतरांपेक्षा वेगळी असते, ती जुळवली की चकत्या एकाच पद्धतीने बसतात. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायचं. फूटभर पान्याच्या टोकावर साधारण तेरा-चौदा किलोचा दाब. आवळताना कर्रकर्र आवाज येतो, तो तसाच यायचा.

मग चेन. मोठी चकती घातली की जुनी चेन आखूड पडते, आणि चेन बदलायला लोक विसरतात ते इथेच. २८ ची ३४ केली तर हिशेबाने तीन कड्या लागतात, जोडीने वाढवायच्या म्हणून चार. नवीन चेनची लांबी अशी काढा: डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या मोठ्या चेनव्हीलवरून आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवा, टोकं जुळतात तिथे धरा, त्यात एक आतली आणि एक बाहेरची अशा दोन कड्या, म्हणजे एक इंच, वाढवा. एवढी लांबी हवीच. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर चुकून चढली की डिरेलर ओढून हँगरसकट, म्हणजे तो ज्या पट्टीला लटकतो तिच्यासकट, उपटते. थोडी लांब चेन लहान-लहान जोडीत लोंबेल, त्या जोडीत जाऊ नका, भागतं.

जुनीच चेन वापरायची असेल तर आधी ती मोजा. बारा इंचात बरोबर बारा पूर्ण जोड्या बसायला हव्यात. पिन बारा इंचाच्या खुणेपलीकडे इंचाचा सोळावा भाग गेली असेल तर चेन टाका. आठवा भाग गेली असेल तर जुन्या चकत्याही गेल्या. ताणलेली चेन नव्या चकतीवर नेमकी चढावर, सगळ्यात जास्त जोर असताना, दाता सोडते आणि गुडघा हँडलवर आपटतो.

आता मागच्या डिरेलरवरचे तीन स्क्रू. एल लिहिलेला स्क्रू चेनला आऱ्यांकडे जाण्यापासून अडवतो. सगळ्यात हलक्या गिअरवर ठेवून डिरेलर हाताने आत ढकला. मोठ्या चकतीपलीकडे तो एक केसही सरकता कामा नये. हा स्क्रू ढिला राहिला तर चढाच्या तोंडाशी, जोर लावून गिअर टाकताना, चेन आऱ्यांत जाते, आरे कापते आणि चाक जागीच अडकतं. एच चा स्क्रू दुसऱ्या टोकाला तेच काम करतो. बी चा स्क्रू वरच्या छोट्या पुलीचं मोठ्या चकतीपासूनचं अंतर ठरवतो: पाच ते सहा मिलिमीटर. मोठी चकती घातल्यावर हा आवळावा लागतोच. पुली घासत असेल तर हलक्या गिअरमध्ये घरघर येते आणि पायडल उलटं फिरवलं की ती वाढते. अंतर फार वाढलं तर गिअर आळसटून पडतात.

सगळं जुळवूनही मधलेच गिअर उड्या मारत असतील तर सायकलच्या मागे उभं राहून बघा. दोन्ही पुल्या आणि चकती एका उभ्या रेषेत दिसायला हव्यात. केज आत कललेली दिसली तर हँगर वाकला आहे, आणि सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतोच. स्क्रू फिरवत बसू नका, हँगर सरळ करून घ्या.

घाटात वापरताना

नवीन गिअर घेऊन थेट महाबळेश्वरला निघू नका. यवतेश्वरच्या घाटात पहिले दोन किलोमीटर पुरतात. सगळ्यात हलक्या गिअरवर उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. खड्या तुकड्यात पन्नासच्या वर राहिलात आणि मोठ्याने एक वाक्य बोलता आलं तर गिअर बरोबर. चाळीसच्या खाली आलात तर मागची चकती अजून मोठी हवी.

पुढचं चेनव्हील चढ सुरू होण्याआधी उतरवा. चढावर पूर्ण जोर असताना पुढचा गिअर टाकला की चेन आत पडते, आणि सायकल उतारावर घसरत असताना ती काढणं जिवावर येतं. पुढे मोठ्यावरून लहानावर येताना पाय एकदम मोकळे पडू नयेत म्हणून त्याच वेळी मागे दोन गिअर जड करा. मागचे गिअरही एकेक करून, टाकताना अर्धी फेरी पायाचा जोर काढून.

जोर कमी पडला की काहीजण रस्त्यावर नागमोडी जातात. चढ त्याने खरोखर कमी होतो, पण कासच्या फुलांच्या दिवसांत, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या लागोपाठ असतात आणि वळणावर एसटीला पूर्ण रुंदी लागते. हलका गिअर असला की ही वेळ येत नाही. पावसाळ्यात त्याचा आणखी एक उपयोग: जांभ्याची तांबडी राड आलेल्या रस्त्यावर उभं राहून पायडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि टायर घसरतो. बसून हलक्या गिअरमध्ये फिरवलं तर पकड टिकते. तीच राड चेनवर बसली की सँडपेपरचं काम करते, म्हणून घरी आल्यावर सायकल धुवून, चेन पूर्ण वाळवून मगच तेल घाला, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका.

यवतेश्वर सोडलं की कासपर्यंत गिअरचे सुटे भाग मिळण्याची आशा धरू नका. आपल्या सायकलचा एक जादा हँगर, चेन तोडायचं छोटं हत्यार आणि आपल्या चेनच्याच मापाची एक क्विक लिंक (चेनची टोकं हाताने जोडणारी कडी) एवढं सीटखालच्या पिशवीत राहू द्या. डिरेलर मोडलाच तर चेन आखूड करून मधल्या चेनव्हीलवरून मधल्या चकतीवर, डिरेलर वगळून जोडता येते, आणि परतीचा रस्ता बराचसा उतरणीचा असतो.